बांद्रे म्युनिसिपालिटी गेली कुठे? (निमित्त: आमच्या सोसायटीची तिरकी भिंत)

सचिव_नाइलाजाने

मंडळी, गेली चार वर्षं मी आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आहे. दुसरं कोणी उभंच राहत नाही, एवढीच माझी पात्रता. बांद्रा पश्चिम, तीन मजले, अठरा बिऱ्हाडं, लिफ्ट नाही, गच्चीला गळती आहे. म्हणजे पुढे काय होणार ते तुम्ही ओळखलंच असेल. रिडेव्हलपमेंट.

बिल्डरचा आर्किटेक्ट पहिल्याच भेटीत मागच्या बाजूला गेला आणि म्हणाला, "काका, तीन बाजू काटकोनात आहेत, मग ही चौथी भिंत अशी तिरकी का?" मी म्हटलं, लहानपणापासून तिरकीच आहे, आम्ही तिला यष्टी मानून क्रिकेट खेळलो. त्याचं समाधान झालं नाही. भिंत सरळ झाली तर म्हणे दोन गाड्या जास्त बसतील.

म्हणून कागद काढले. प्रॉपर्टी कार्डावर सी.टी.एस. (सिटी सर्व्हेचा) नंबर आहे, तो सगळ्यांकडे असतो. त्याखाली "एफ.पी. नंबर अमुक, टी.पी.एस. बांद्रे नंबर तमुक" (आकडे मुद्दाम देत नाही). जमिनीच्या जुन्या खरेदीखतात तर पत्ताच वेगळा: "बांद्रे म्युनिसिपालिटीच्या हद्दीतील, तालुका साउथ सालसेट, जिल्हा मुंबई उपनगर". माझा जन्म १९७१ चा. घरपट्टी, पाणी, जन्माचा दाखला, सगळं बीएमसीकडून. बांद्र्याला स्वतःची म्युनिसिपालिटी होती हे पन्नाशी उलटल्यावर एका खरेदीखतातून कळावं याची जरा लाजच वाटली.

मग दोन महिने वाचत सुटलो. हाती लागलं ते इथे टाकतो. चुकलं असेल तर जाणकारांनी कान धरावा.

आपण ज्याला आज उपनगर म्हणतो तो सगळा साष्टीचा (खरेदीखतातलं सालसेट ते हेच) भाग. १७३७ ते ३९ च्या मोहिमेत मराठ्यांनी तो पोर्तुगीजांकडून घेतला, १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेऊन गिळला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यावर शिक्का बसला. मात्र मुंबई बेट वेगळं आणि साष्टी वेगळी. साष्टी ठाणे जिल्ह्यात. मुंबई शहराची हद्द माहीमला आणि शीवला संपायची. पलीकडे खाडी, आणि खाडीपलीकडे ठाण्याचा कलेक्टर.

माहीम ते बांद्रे होडीने जावं लागे. तिथला कॉजवे १८४५ साली खुला झाला तो लेडी जमशेटजी जीजीभॉय यांच्या पैशाने. एक लाख सत्तावन हजार रुपये दिले बाईंनी, आणि अट घातली की यावर टोल घ्यायचा नाही. (हे वाक्य वरळी सी-लिंकच्या टोलनाक्यावर फ्रेम करून लावावं अशी माझी सूचना आहे.) नंतर रेल्वे आली आणि बांद्रे वाढलं. १८७६ साली बांद्रे म्युनिसिपालिटी झाली. आपली आजची महापालिका ज्या कायद्यावर चालते तो १८८८ चा, म्हणजे बांद्र्याचा कारभार त्याच्या बारा वर्षं आधीचा.

१९२० साली ठाण्यापासून तोडून मुंबई उपनगर जिल्हा केला. मुख्यालय बांद्रे. १५ एप्रिल १९५० ला बांद्रे, कुर्ला, घाटकोपर, पार्ले, अंधेरी असं सगळं मुंबई महापालिकेत घेतलं आणि आमची म्युनिसिपालिटी संपली. चौऱ्याहत्तर वर्षांचा कारभार.

प्रश्न दोन. एक, ही म्युनिसिपालिटी नक्की करायची काय, कोणाला ऐकीव तरी माहीत आहे का? दोन, आमची भिंत तिरकी का?

कुर्लेकर_१९२५

लेख छान. पण बांद्रेकर लिहायला लागले की कुर्ला स्वल्पविरामापुरता उरतो, हा नेहमीचा अनुभव. आमचीही म्युनिसिपालिटी होती हो. १८८६ साली जमशेटजी टाटांनी कुर्ल्याची बंद पडायला आलेली धरमसी मिल घेतली आणि तिचं नाव स्वदेशी ठेवलं. कामगार चाळींतून राहणार, त्यांचा उकिरडा, गटारं, देवीच्या लशी बघायच्या कोणी? मुंबई शहराने नव्हे. मिलचा धूर कुर्ल्याचा, शेअरबाजार मुंबईचा.

आयडीतला आकडा विचारण्याआधीच सांगतो. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेची लोकल बोरीबंदरहून निघाली ती कुर्ल्याला. बांद्र्याला नाही.

रनवारची_नात

आमच्या घरात हा विषय आजीपासून चालू आहे. आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती, रनवारचे. आजी चर्चगेटला जायची असली तरी म्हणायची, "मुंबईला जाऊन येते." वय नव्वदच्या पुढे, आयुष्य मुंबईच्या पिनकोडमध्ये गेलेलं, पण मुंबई म्हणजे कॉजवेच्या पलीकडचं. आम्ही हसायचो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाला थोडं उत्तर. बांद्रे हे एक गाव कधीच नव्हतं. रनवार, शेर्ली, राजन, पाली, चिंबई, चुईम, कांतवाडी अशी गावं आणि पाखाड्या, मधे भातशेती. १८९६ ला मांडवीत प्लेग सुरू झाला तशी शहरातली माणसं मोकळ्या हवेसाठी इकडे सरकली, आणि मागोमाग प्लेगही आला. गावागावात नाक्यावर जे क्रूस दिसतात त्यातले बरेच त्या काळातले, प्लेग टळावा म्हणून उभारलेले. आमच्या वाडीतल्या क्रूसाला अजून मे महिन्यात फुलं लागतात, प्रार्थना होते, आणि शेवटी उकडलेले चणे वाटतात. मला लहानपणी चणेच काय ते कळायचे.

आजीचे वडील सांगायचे की म्युनिसिपालिटीच्या मेंबराला मासळीबाजारात गाठता यायचं. दिवा लागला नाही तर तिथेच सगळ्यांसमोर विचारायचं. सुरमई हातात धरलेला माणूस पळून जाऊ शकत नाही.

कोपऱ्यातला_माणूस

धाग्याच्या शीर्षकाला हरकत. योग्य रूप वांद्रे. स्टेशनच्या पाटीवरही वांद्रेच आहे.

सचिव_नाइलाजाने

खरेदीखतात बांद्रे आहे, ते मी बदलू शकत नाही. आणि वांद्रे म्हटलं की माझी पुण्याची मामेबहीण "वांदरं कशी आहेत" विचारते.

मुलुंडचा_शेवटचा

एक दुरुस्ती. सगळं उपनगर १९५० ला आत आलं नाही. तेव्हाची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत. आम्ही मुलुंडवाले, तसेच मालाड, कांदिवली, बोरिवली, दहिसर हे १ फेब्रुवारी १९५७ ला आत आलो. त्या सात वर्षांत आमची मंडळी ना मुंबईची ना धड ठाण्याची.

आणि खरं सांगायचं तर अजूनही नाही. वीजबिल काढून बघा. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत वीज बेस्टची. त्यापुढे उपनगरात जी कंपनी १९२९ साली बीएसईएस म्हणून सुरू झाली तिची वीज, मालक बदलत गेले, आता अदानी. आणि भांडुप-मुलुंडला? महावितरण! महापालिका एक, बिलं तीन. मुंबईच्या जुन्या हद्दी कुठे होत्या हे शोधायला पुराभिलेखागारात जायची गरज नाही, मीटरवरची पाटी वाचावी.

टीपी_वाला

निवृत्त ड्राफ्ट्समन आहे, नगररचनेत हयात गेली. सचिव साहेबांच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच कागदात आहे, पण ते त्यांना दिसत नाहीये. टी.पी.एस., म्हणजे टाउन प्लॅनिंग स्कीम!

ही म्युनिसिपालिटी काय करायची म्हणता, तर तुमच्या पायाखालचा प्लॉट तिनेच केला. १९१५ साली मुंबई इलाख्याचा टाउन प्लॅनिंग कायदा आला. त्यात स्थानिक म्युनिसिपालिटीने योजना आखायची. पद्धत अशी. समजा शंभर शेतं आहेत. एक लांबट, एक त्रिकोणी, एक बांधाबांधाने वाकडं गेलेलं, निम्म्यांना वाटच नाही. ही सगळी शेतं कागदावर एकत्र करायची. त्यांना म्हणायचं मूळ भूखंड, ओ.पी. मग त्यातून रस्ते काढायचे, बाग, शाळा, बाजार यांची जागा काढायची, आणि उरलेली जमीन चौकोनी तुकडे पाडून त्याच मालकांना परत द्यायची. हे अंतिम भूखंड, म्हणजे तुमचा एफ.पी. मालकाची जमीन क्षेत्राने कमी होते, पण रस्त्यावर येते, भाव वाढतो. त्या वाढलेल्या भावातला हिस्सा म्युनिसिपालिटी घेते आणि त्यातून गटारं-रस्ते करते. भांडण झालं तर निवाड्याला लवाद.

जमीन हिसकावून न घेता गाव शहरात बदलायची यापेक्षा शहाणी पद्धत मी माझ्या नोकरीत पाहिली नाही. बांद्रे, सांताक्रूझ, पार्ले, घाटकोपर, जिथे जिथे पत्त्यात टी.पी.एस. येतं तिथे हे झालेलं आहे. म्हणूनच बांद्र्यात लिंकिंग रोडच्या आजूबाजूला रस्ते पट्टीने आखल्यासारखे दिसतात. नंतरच्या काळात मुंबईत नवीन टी.पी. जवळजवळ बंदच पडल्या आणि डेव्हलपमेंट प्लॅनवर सगळा भार आला. त्याने काय झालं ते अंधेरी पूर्वेला संध्याकाळी सहा वाजता उभं राहून बघावं.

आता भिंत. टी.पी.त चौकोनी प्लॉट पडतात, तरी एक बाजू तिरकी राहते ती बहुतेक वेळा योजनेच्या हद्दीवर. योजना गावठाणाला हात लावत नाही, गावठाण वगळून आखतात. तुमच्या भिंतीमागे काय आहे?

सचिव_नाइलाजाने

भिंतीमागे बुटकी कौलारू घरं, एक विहीर आणि एक भलंमोठं जांभळाचं झाड. जांभळं आमच्या पार्किंगमध्ये पडतात, त्यावरून दर जूनमध्ये एक जनरल बॉडी मीटिंग होते.

टीपी_वाला

मग झालं. तीच हद्द. योजनेचा मंजूर नकाशा मागवा, ओ.पी. आणि एफ.पी. दोन्ही रेषा एकाच शीटवर असतात. भिंत सरळ करायचा विचार आर्किटेक्टने डोक्यातून काढावा.

पार्लेकर_मूळचा

पार्ल्याबद्दल दोन ओळी न लिहिता मला झोप लागणार नाही. आमच्याकडे म्युनिसिपालिटी अंधेरीबरोबर जोडलेली. पण पार्ल्यात बरंचसं काम लोकांनीच उभं केलं. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चं, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. टिळक १९२० ला गेले आणि तीन वर्षांत त्यांच्या नावाने शाळा, संघ असं सगळं उभं. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात पार्ल्याला छावणी होती, जमनालाल बजाज इथून सूत्रं हलवत होते. शहराच्या बाहेर पण लोकलच्या टप्प्यात, ही जागाच तशी सोयीची.

कुर्लेकर_१९२५

पार्लेकर दोन ओळी म्हणाले आणि दोनच लिहिल्या, हीच ऐतिहासिक घटना.

घाटकोपर_ईस्ट

आमच्या म्युनिसिपालिटीचं नाव होतं घाटकोपर-किरोळ. त्यातलं घाटकोपर आता मेट्रो स्टेशन आहे आणि किरोळ हे विद्याविहारकडच्या एका रस्त्याचं नाव. रिक्षावाल्याला "किरोळ रोड" म्हटलं तर नेतो, पण किरोळ गाव होतं म्हटलं तर आरशातून आपल्याकडे बघतो. एका जोडनावातलं अर्धं नाव किती चटकन पुसलं जातं!

शीव_सर्कल

रिक्षाचा विषय निघालाच आहे तर ही घ्या अजून एक जिवंत हद्द. रिक्षा बांद्र्याला आणि शीवला थांबते, शहरात येत नाही. तिथून पुढे टॅक्सी. म्हणजे १९५० च्या आधीची हद्द आजही रोज हजारो लोक पिशव्या सांभाळत पायी ओलांडतात. माझी बायको दादरला माहेरी जाताना दर वेळी करवादते, आता तिला हे ऐतिहासिक कारण सांगेन. उपयोग होणार नाही.

एच_टू_टी

वॉर्डांची अक्षरं कोणी लक्षात घेतली आहेत का? ए ते जी हे जुनं शहर. एच पासून पुढे उपनगर: एच बांद्रे, के अंधेरी, एल कुर्ला, एम चेंबूर, एन घाटकोपर, पी मालाड, आर कांदिवली-बोरिवली, एस भांडुप, टी मुलुंड. आय, जे, ओ, क्यू नाहीतच. अख्खी म्युनिसिपालिटी एका अक्षरात बसवली, त्याला नंतर "पूर्व-पश्चिम" असे पाय फुटले.

आणि बीएमसीतला बी. बहुतेकांना तो बॉम्बेचा वाटतो. तो बृहन्मुंबईचा. त्या "बृहन्"मध्ये तुम्ही-आम्ही सगळे आहोत.

नदीकाठी_पुणे

आमच्याकडेही पुणे शहराची वेगळी आणि उपनगराची वेगळी नगरपालिका होती. दोन्ही मिळून पुणे महानगरपालिका झाली १५ फेब्रुवारी १९५० ला. तुमच्या बरोबर दोन महिने आधी. फक्त नोंद करून ठेवतो.

मुलुंडचा_शेवटचा

नोंद झाली. पुढच्या धाग्यावर भेटू.

कुर्लेकर_१९२५

थोडं कडू बोलतो. शहराने उपनगराला नेहमी मागचं अंगण समजलं. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा. दोन्ही साष्टीत, आणि पाणी शहराला. तानसाचं पाणी १८९२ ला आलं, तो मोठा नळ मुलुंड, भांडुप, घाटकोपर, कुर्ला असा आमच्या दारातून शहरात गेला. दारातून नळ जातो आणि घरात विहिरीचं पाणी! उलट दिशेने काय आलं? शहराचा कत्तलखाना बांद्र्याला, शहराच्या हद्दीबाहेर. शहराचा कचरा रेल्वेने कुर्ल्यावरून चेंबूरच्या दलदलीत. ज्या रुळांवरून कचरा जायचा त्याच मार्गावर पुढे चेंबूरची लोकल आली.

१९५० ला सामील करून घेतलं म्हणजे उपकार केले असं मला वाटत नाही. पाणी आधीच आमचं होतं.

टीपी_वाला

कुर्लेकर, राग समजतो, पण दुसरी बाजूही मांडतो. फाळणीनंतर निर्वासितांचे लोंढे आले. चेंबूर, मुलुंड, सगळीकडे वसाहती. अशा लोकसंख्येला पाणी देणं चिमुकल्या म्युनिसिपालिट्यांच्या बापाला जमलं नसतं. १९४८ सालचा बृहन्मुंबईचा मास्टर प्लॅन पाहा, ना. वि. मोडक आणि अल्बर्ट मायर यांचा. मोडक महापालिकेचे इंजिनिअर. शहर कुठे वाढणार हे त्यांनी कागदावर मांडलं, आणि उपनगराला पाणी लागणार म्हणून वैतरणेचं धरणही त्यांच्याच काळात हातात घेतलं गेलं. त्या जलाशयाला आज मोडकसागर म्हणतात. बांद्रे म्युनिसिपालिटीने वैतरणा आणली असती का? नसती.

माझी तक्रार विलीनीकरणाबद्दल नाही. विलीन करताना टी.पी.ची सवय तेवढी शहरात यायला हवी होती. ती वाटेत पडली.

रनवारची_नात

कत्तलखान्यावरून आठवलं. तो देवनारला गेला १९७१ साली. बाबा सांगायचे, वारा पूर्वेकडून आला की स्टेशनच्या बाजूच्या लोकांना घड्याळ न बघता कळायचं. आता त्याच बाजूला एका फ्लॅटची किंमत ऐकून त्यांना चक्कर आली असती.

सचिव_नाइलाजाने

बिनशेती कराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. दोन वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयातून नोटीस आली: तुमची जमीन शेतीखेरीज दुसऱ्या कामाला वापरता, सबब आकारणी भरा. थकबाकीसह. अठरा बिऱ्हाडांपैकी कोणाच्या आजोबांनीसुद्धा इथे भात लावलेला नाही. आमच्या खजिनदारांचा भाऊ दादरला राहतो, त्याला असली नोटीस माहीतच नाही. शहर जिल्ह्यात हा कर नव्हता, उपनगर जिल्ह्यात तेव्हा होता. म्हणजे महसूल खात्याच्या लेखी आम्ही तेव्हाही साउथ सालसेटची शेतं. १ ऑक्टोबर १९९० ला उपनगर जिल्हा पुन्हा वेगळा झाला, मुख्यालय पुन्हा बांद्रे. गेलेली म्युनिसिपालिटी आली नाही, पण गेलेला जिल्हा परत आला, करासकट.

कोपऱ्यातला_माणूस

वांद्रे.

सचिव_नाइलाजाने

(तीन आठवड्यांनी)

नकाशा मिळाला. टीपी_वाला यांना साष्टांग. चार खेपा घातल्या, पण शेवटी एका सज्जन क्लार्कने गुंडाळी काढून टेबलावर पसरली आणि चार कोपऱ्यांवर कागदाला भोकं पाडायची चार पंचिंग मशीन ठेवली.

आमच्या एफ.पी.खाली तीन ओ.पी. आहेत. एक लांबुळकं शेत, एक त्याहून अरुंद, आणि तिसऱ्याचा फक्त कोपरा. पुढचा रस्ता सरळ त्या लांबुळक्या शेताच्या पोटातून गेला आहे. मागच्या बाजूला योजनेची जाड रेषा तिरकी जाते, पलीकडे बारीक अक्षरात "गावठाण". विहिरीसाठी एक छोटा गोलही काढला आहे. मी बोट ठेवून मोजलं, ती जांभळाशेजारचीच विहीर.

आर्किटेक्टला फोटो पाठवला. त्याने अंगठा पाठवला आणि पार्किंगचा नवा आराखडा. दोन गाड्या कमी.

काल संध्याकाळी भिंतीपलीकडच्या काकूंना सांगितलं की तुमची विहीर सरकारी नकाशात आहे. त्या म्हणाल्या, "असेल की. आमच्या सासऱ्यांनी मोजणीवाल्याला तिचंच पाणी पाजलं होतं." मग विचारलं, "जांभळाचं काय ठरलं तुमच्या मीटिंगमध्ये?"